गाळा कुठे गेला? सपाट नकाशाचे फोटो जोडताना

(नवी मुंबईतल्या एपीएमसी मार्केटमध्ये व्यापारी, मेहताजी, माथाडी कामगार आणि जवळपासच्या महाविद्यालयांतले विद्यार्थी अशा मिश्र श्रोत्यांपुढे झालेल्या व्याख्यानाचे हे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी निवडक प्रश्नोत्तरे आहेत.)

सकाळचा बाजार उरकून, दुपारची झोप सोडून तुम्ही आलात, त्याबद्दल आभार. पहाटे तीनला उठलेल्या माणसापुढे गणित मांडायचं म्हणजे जरा धाडसच आहे. म्हणून सुरुवात गणितानं करत नाही, माझ्या फजितीनं करतो.

काही वर्षांपूर्वी इथल्याच काही गाळेधारकांनी मला एक काम सांगितलं. भिंतीवर एक जुना नकाशा आहे, कागदावर हातानं काढलेला, काचेच्या फ्रेममध्ये. साधारण नऊ फूट लांब, चार फूट उंच. फ्रेम काढली तर कागद फाटेल ही भीती, आणि एवढा मोठा स्कॅनर काही जवळ नव्हता. त्यांना त्याची स्वच्छ प्रत हवी होती, कारण दुरुस्तीच्या एका अर्जाला ती जोडायची होती. मी म्हटलं, त्यात काय? मोबाईल काढला, पॅनोरमा लावला, डावीकडून उजवीकडे चालत गेलो. अर्ध्या मिनिटात काम फत्ते. प्रिंट काढून दिली. सगळे खूश.

चार दिवसांनी फोन आला. "सर, नकाशा झकास आलाय. पण माझा गाळा कुठंय?"

मी आधी हसलो. मग प्रिंट काढून बघितली. ४१, ४२, ४४. पुन्हा बघितलं. ४१, ४२, ४४. खालच्या ओळीत तेच, त्याच्या खाली तेच. समोरासमोरच्या सहा ओळी, प्रत्येक ओळीतला एक गाळा नाहीसा. सहा माणसांची रोजीरोटी मी अर्ध्या मिनिटात नकाशावरून पुसली होती. आणि गंमत म्हणजे कुठे फट नाही, डाग नाही, रेघ तुटलेली नाही. सहापैकी एकाच माणसाच्या ते लक्षात आलं, कारण नकाशा हातात आला की माणूस आधी स्वतःचं घर शोधतो. बाकीच्या पाच जणांनी प्रिंट बघितलीच नव्हती. अर्ज अजून गेला नव्हता, म्हणून निभावलं.

आता हे झालं कसं, ते समजून घेऊ. त्यासाठी कॅरम बोर्ड डोळ्यांपुढे आणा.

बोर्ड चौरस. पण खुर्चीवर बसून तिरक्या कोनातून फोटो काढला तर फोटोत चौरस दिसत नाही. जवळची बाजू लांब, पलीकडची आखूड. समांतर कडा एकमेकींकडे झुकतात. लांबी बदलली, कोन बदलले. एकच गोष्ट टिकते, ती म्हणजे सरळ रेघ सरळच राहते. बोर्डावरची कुठलीही सरळ रेघ फोटोतही सरळच येणार, लेन्स नीट असेल तर. सपाट पृष्ठभागाचं चित्र ज्या नियमानं असं बदलतं, त्याला होमोग्राफी म्हणतात. नाव भारी आहे, पण ती फक्त आठ आकड्यांची आहे. फोटोतल्या ठिपक्याची आडवी आणि उभी जागा घ्यायची, काही आकड्यांनी गुणायची, बेरीज करायची आणि शेवटी एका संख्येनं भागायचं. तो भागाकार महत्त्वाचा. लांबचं लहान दिसतं ते त्याच्यामुळे.

आठ आकडे शोधायला आठ समीकरणं लागतात. एक ठिपका दोन समीकरणं देतो, एक आडव्या जागेचं आणि एक उभ्या जागेचं. म्हणजे चार ठिपके पुरे. कॅरमची चार भोकं कुठे दिसतात एवढं सांगितलं, की बोर्डावरची प्रत्येक सोंगटी वरून बघितल्यावर कुठे असेल ते काढता येतं. अट एकच, एका रेघेत तीन भोकं नकोत.

आता दोन फोटो घ्या, दोन वेगळ्या जागांवरून. पहिल्या फोटोतून बोर्डावर जायला एक होमोग्राफी, बोर्डावरून दुसऱ्या फोटोत जायला दुसरी. दोन्ही लागोपाठ लावल्या तरी उत्तर पुन्हा होमोग्राफीच येतं. म्हणजे मधला बोर्ड विसरला तरी चालतं. पहिल्या फोटोतून थेट दुसऱ्यात जाता येतं, आणि त्यालाही आठच आकडे पुरतात. फोटो जोडण्याची सगळी इमारत या एका गोष्टीवर उभी आहे.

हे कधी चालतं, ते मात्र नीट लक्षात ठेवा. वस्तू पूर्ण सपाट असेल तर कॅमेरा कुठेही हलवा, चालतं. वस्तू सपाट नसेल, म्हणजे डोंगर, समुद्र, ही आपली मार्केटची गर्दी, तर कॅमेरा जागेवरून हलता कामा नये, फक्त गर्रकन फिरायला हवा. मोबाईलचा पॅनोरमा या दुसऱ्या प्रकारासाठी बनलेला असतो. एका जागी उभं राहून मान फिरवायची. मी मात्र नकाशासमोरून चालत गेलो होतो. हे माझं पहिलं चुकलं.

तर चार ठिपके पाहिजेत. ते दाखवणार कोण? पूर्वी माणूस दाखवायचा. आता संगणक स्वतः शोधतो. फोटोत ज्या जागा ओळखू येतात, म्हणजे कोपरे, अक्षरांची टोकं, शाईचा डाग, त्या तो वेचतो. कोऱ्या कागदावरची जागा उपयोगाची नाही, कारण ती शेजारच्या कोऱ्या जागेसारखीच दिसते. लांब रेघेच्या मधली जागाही नको, कारण रेघेवर मागेपुढे सरकलो तरी फरक कळत नाही. कोपरा चांगला. मग प्रत्येक कोपऱ्याभोवतीच्या चित्राचं आकड्यांत वर्णन करायचं. डेव्हिड लोव यांनी १९९९ साली मांडलेली सिफ्ट नावाची पद्धत यात फार गाजली. ती कोपऱ्याभोवतीचा तुकडा सोळा चौकटींत विभागते, प्रत्येक चौकटीत उजेड कुठल्या आठ दिशांनी किती बदलतो ते मोजते, आणि १२८ आकड्यांची एक यादी बनवते. फोटो फिरला, लहान-मोठा झाला तरी यादी फारशी बदलत नाही. दोन फोटोंतल्या याद्या जुळल्या की ती जोडी धरायची.

या जोड्यांत खोट्या जोड्या भरपूर असतात. त्या कशा गाळायच्या? इथे एक झकास युक्ती आहे. फिशलर आणि बोल्स या दोघांनी ती १९८१ साली छापली. त्याच वर्षी कांदा-बटाटा बाजार मुंबईतून इकडे आला, असा योगायोग. युक्तीचं नाव रॅनसॅक. चिठ्ठ्या टाकल्यासारख्या कुठल्याही चार जोड्या उचलायच्या, त्यावरून आठ आकडे काढायचे, आणि बाकीच्या जोड्यांना विचारायचं की तुम्हाला हे पटतंय का? किती जोड्यांनी हात वर केले ते मोजायचं. पुन्हा नव्या चार जोड्या, पुन्हा मोजणी. सर्वांत जास्त हात ज्याला, ते उत्तर.

ऐकायला जुगार वाटतो, पण हिशेब करा. निम्म्या जोड्या खोट्या असतील तर चारही खऱ्या निघण्याची शक्यता सोळात एक. म्हणजे ७२ वेळा चिठ्ठ्या टाकल्या तर एकदा तरी चारही खऱ्या मिळण्याची खात्री ९९ टक्के. शंभरातल्या सत्तर खोट्या असल्या तरी ५६७ वेळा पुरतं. संगणकाला हे चुटकीसरशी जमतं. खोट्या जोड्या हरतात, कारण प्रत्येक खोटी जोडी वेगळं काहीतरी सांगते. त्यांचं आपसात एकमत होत नाही. खोटं बोलणाऱ्या दहा साक्षीदारांची जबानी जुळत नाही, तसं.

पण समजा, दहाही जणांनी एकच खोटं पाठ केलं असेल तर?

इथेच माझा गाळा गेला. बाहेर पडून या ओळींकडे बघा. गाळा, शटर, धक्का. गाळा, शटर, धक्का. नकाशावरही तसंच. एकसारखे आयत एकाला लागून एक, फरक फक्त आतल्या बारीक आकड्यात. ४२ चा कोपरा आणि ४३ चा कोपरा, दोघांच्या १२८ आकड्यांच्या याद्या जवळपास सारख्या. एक जोडी एका गाळ्यानं चुकली, शेजारचीही एका गाळ्यानं चुकली, खालच्या ओळीतलीही तेवढ्याच अंतरानं चुकली. सगळ्या चुका एकाच दिशेला, एकाच मापानं. संगणकानं विचारलं, पटतंय का? सगळ्यांनी हात वर केले. खोटं बहुमतानं पास झालं.

यावर उपाय म्हणून लोव यांनी एक चाळणी सांगितली आहे. प्रत्येक कोपऱ्यासाठी सर्वांत जवळची जोडी आणि दुसऱ्या नंबरची जोडी अशा दोन्ही बघायच्या. दोन्ही जवळपास सारख्याच चांगल्या असतील तर हा कोपरा संशयास्पद, सोडून द्यायचा. पहिलीचं अंतर दुसरीच्या अंतराच्या ०.८ पटीपेक्षा कमी असेल तरच धरायचं. गाळ्यांचे कोपरे या चाळणीत बरेचसे गळून जातात आणि आकड्यांभोवतीच्या खुणा टिकतात. म्हणजे ४२ मधल्या दोनाचा बाक आणि ४३ मधल्या तिनाची गाठ नकाशा वाचवते. पण त्यासाठी आकडा फोटोत स्पष्ट हवा. मी चालता चालता काढलेल्या पॅनोरमात आकडे पुसट आले होते. जी खूण वाचवणार होती, तीच मी घालवली. हे दुसरं चुकलं.

किती बारीक फोटो हवेत, याचाही साधा हिशेब आहे आणि तो मी आधी करायला हवा होता. नकाशावर सर्वांत लहान आकडा २ मिलिमीटर उंच होता. तो नीट वाचता यायला उंचीत निदान १२ पिक्सेल हवेत, म्हणजे मिलिमीटरला ६ पिक्सेल. नकाशा २७४३ बाय १२१९ मिलिमीटर. गुणाकार केला तर सुमारे १२ कोटी पिक्सेल लागतात. मोबाईलचा १२ मेगापिक्सेलचा फोटो असतो ४००० बाय ३०००, तो या बारकाईनं जेमतेम ६६७ बाय ५०० मिलिमीटर कागद टिपतो. त्यातला एक तृतीयांश भाग शेजारच्या फोटोशी सामायिक ठेवायचा. मग आडवे सहा, उभे चार, एकूण २४ फोटो. चोवीस फोटोंचं काम मी एका झटक्यात उरकायला गेलो होतो.

दुसऱ्या वेळी मी शहाणा झालो. निदान मला तसं वाटलं. म्हटलं, गाळे एकसारखे दिसतात ना, मग आपणच वेगळ्या खुणा करू. घरून टिकल्यांची पाकिटं आणली. लाल, हिरव्या, गोल, लांबट, चंद्रकोरी. फ्रेमच्या काचेवर सगळीकडे चिकटवल्या. बघणारे म्हणाले, सरांनी नकाशाचं हळदीकुंकू केलं. स्टँड लावून २४ फोटो काढले. संगणकानं टिकल्या पटापट ओळखल्या, जोडल्या. टिकल्या एकमेकींवर तंतोतंत. आणि नकाशाच्या रेघा? प्रत्येक सांध्यावर तुटलेल्या. कुठे चार मिलिमीटर, कुठे पाच.

रात्रभर कळेना. सकाळी चहा घेताना उलगडलं. टिकल्या काचेवर आहेत, नकाशा कागदावर आहे, आणि दोघांमध्ये साधारण एक सेंटीमीटरची पोकळी आहे. मी ज्याला एक सपाट पृष्ठभाग म्हणत होतो, ते दोन पृष्ठभाग होते. कॅमेरा नकाशापासून एक मीटरवर, आणि बाजूला सरकवला अर्धा मीटर. मग काचेवरची टिकली कागदावरच्या रेघेच्या तुलनेत सुमारे पाच मिलिमीटर सरकलेली दिसणार. त्रैराशिक मांडून बघा. अर्धा मीटर गुणिले एक सेंटीमीटर भागिले एक मीटर, उत्तर अर्धा सेंटीमीटर. काचेची होमोग्राफी वेगळी, कागदाची वेगळी. एकाच आठ आकड्यांत दोघं बसत नाहीत. एसटीच्या खिडकीतून जवळचे खांब भरभर मागे जातात आणि लांबचा डोंगर सोबत चालतो, तीच ही गोष्ट. फक्त एका सेंटीमीटरवर.

तिसऱ्या वेळी टिकल्या काढल्या, काच पुसली, ट्यूबलाईट बंद केली, कारण तिचं प्रतिबिंब काचेत फोटोगणिक जागा बदलतं आणि संगणक त्यालाच खूण समजतो. दोन दिवे दोन बाजूंनी तिरके लावले, मागे काळं कापड धरायला दोन पोरं उभी केली. मोबाईलचा उजेड आणि फोकस पक्का करून ठेवला, वाइड लेन्सला हात लावला नाही, कारण तिच्यात कडेच्या सरळ रेघा वाकतात आणि रेघ वाकली की होमोग्राफीचा पायाच जातो. जोडायला हगिन हे मोफत सॉफ्टवेअर घेतलं. त्यात खुणा हातानं देता येतात, आणि चालत्या कॅमेऱ्यानं काढलेले सपाट वस्तूचे फोटोही जोडता येतात. सहा बाय चारच्या मांडणीत शेजारी-शेजारी असलेल्या ३८ जोड्या. प्रत्येक जोडीला सहा-सात खुणा, म्हणजे अडीचशेच्या आसपास. प्रत्येक खूण गाळ्याच्या आकड्यावर, कागदावर, आकडा वाचून. तीन संध्याकाळी गेल्या.

आणखी एक धोका सांगतो. पहिल्या फोटोला दुसरा, दुसऱ्याला तिसरा, असं साखळीनं जोडत गेलं की प्रत्येक ठिकाणची केसाएवढी चूक पुढे पुढे वाढत जाते आणि सरळ नकाशाचं केळं होतं. म्हणून मधला फोटो आधार धरावा, आणि शेवटी सगळ्या खुणा एकत्र घेऊन सगळ्या फोटोंची जागा एकदम ठरवावी. हगिन ते करतं. तरीही मी टेप लावून फ्रेममधल्या नकाशाचे दोन्ही कर्ण मोजले आणि प्रतीतल्या कर्णांशी ताडले.

आता सांधे बुजवण्याबद्दल. गोणी दाभणानं शिवतात, सुतळी दिसते, शिवण उसवली तर तांदूळ सांडतो आणि लगेच कळतं. फोटोंचं उलट आहे. बर्ट आणि एडलसन यांनी १९८३ मध्ये दाखवलेली पद्धत अशी, की उजेड-सावलीसारखे मोठे फरक रुंद पट्ट्यात हळूहळू मिसळायचे आणि बारीक तपशील अरुंद पट्ट्यात. त्यामुळे सांधा दिसतच नाही. निसर्गचित्राला हे उत्तम. पण कागदपत्राच्या प्रतीत मला याची धास्ती वाटते. माझ्या पहिल्या प्रिंटमध्ये सहा गाळे गेले आणि वर सफाईनं बोळा फिरवला गेला. सांधा दिसला असता तर मी तिथे बघितलं असतं. म्हणून मी आता दोन प्रती देतो. एक सफाईदार, आणि एक जिच्यात प्रत्येक फोटोची कड लाल रेघेनं दाखवलेली आहे. सोबत मूळ चोवीस फोटोही देतो.

शेवटी मेहताजींनी रजिस्टर उघडून एकेक नंबर वाचला आणि मी प्रतीवर बोट ठेवत "आहे" म्हणत गेलो. ४३ आला तेव्हा ज्यांचा गाळा होता ते पाठीमागे उभे होते. काही बोलले नाहीत, चहा मागवला.

हाच प्रकार मोठ्या प्रमाणावर महाराष्ट्रात चालू आहे, त्याबद्दल दोन शब्द. गावठाणातल्या घरांना वर्षानुवर्षं शेतजमिनीसारखा सातबारा नव्हता, अनेक ठिकाणी मोजणीचा नकाशाही नव्हता. पुणे जिल्ह्यात पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात ड्रोननं गावठाण मोजण्याचा प्रयोग झाला. पुढे २४ एप्रिल २०२० ला केंद्राची स्वामित्व योजना आली आणि भारतीय सर्वेक्षण विभागाच्या मदतीनं गावोगाव ड्रोन उडू लागले. उड्डाणाआधी लोक आपापल्या मिळकतीच्या हद्दीवर चुन्याची फक्की मारतात, ती वरून दिसते. एकमेकांवर चढलेले शेकडो फोटो जोडून १:५०० प्रमाणाचा नकाशा तयार होतो, म्हणजे कागदावरचा एक सेंटीमीटर जमिनीवर पाच मीटर. त्यावरून मिळकत पत्रिका.

पण गाव कॅरम बोर्ड नाही. घरं उंच, झाडं उंच, जमीन चढउताराची. समजा ड्रोन १२० मीटरवर आहे आणि त्याच्या बरोबर खालच्या जागेपासून ४० मीटरवर सहा मीटर उंचीची भिंत आहे. फोटोत त्या भिंतीचा माथा दोन मीटरहून जास्त बाहेर झुकलेला दिसतो. दोन मीटर म्हणजे गावठाणात एक बोळ. नुसती होमोग्राफी लावून फोटो चिकटवले तर शेजाऱ्याचा बोळ तुमच्या घरात, नाहीतर तुमचं छप्पर त्याच्या अंगणात. म्हणून तिथे आधी अनेक फोटोंवरून प्रत्येक ठिकाणची उंची काढतात, मग प्रत्येक ठिपका सरळ वरून बघितल्यासारखा त्याच्या जागी बसवतात. याला ऑर्थोफोटो म्हणतात. एवढं करूनही नकाशा लोकांपुढे ठेवतात, हरकती घेतात, आणि मगच पत्रिका देतात. आमच्या मेहताजींचं रजिस्टर वाचणं आणि हे, एकाच जातीचं काम.

प्रश्नोत्तरे

प्रश्न: सर, आता मोबाईलमध्ये कागद स्कॅन करायची ॲप आहेत. ती वापरली तर?

उत्तर: बिलासाठी, चिठ्ठीसाठी जरूर वापरा. तीही कागदाचे चार कोपरे शोधून होमोग्राफीच लावतात. पण ती एका फोटोपुरती. आणि एक बघा, काही मोबाईल फोटो सुंदर करण्यासाठी पुसट जागा आपल्या मनानं रंगवतात. ३ आणि ८ मध्ये शंका असेल तर पुसटच राहू द्यावं. पुसट आकडा माणूस पुन्हा जाऊन बघतो.

प्रश्न: भिंत गोल असेल, किंवा लेण्यांतल्यासारखी उंचसखल असेल तर?

उत्तर: मग आठ आकडे पुरत नाहीत. अजिंठ्याच्या भिंती आणि छतं वरवर सपाट वाटली तरी दगड कोरून केलेली आहेत, गिलावा कमीजास्त आहे, मध्ये खांब येतात. तिथे गावठाणासारखंच करावं लागतं, आधी आकार मोजायचा, मग त्यावर फोटो चढवायचे.

प्रश्न: गोदामातल्या फरशीचा फोटो घ्यायचा आहे, तडे दाखवायला. माल हलवता येत नाही.

उत्तर: फरशीवरच्याच खुणा जोडीला धरा, गोण्यांवरच्या एकही नको. थप्पी उंच असते, ती प्रत्येक फोटोत वेगळी झुकणार. थप्पीचा सांधा वेडावाकडा दिसेल, दिसू द्या. फरशी एकसारख्या लाद्यांची असेल तर मात्र तुमचाही गाळा जाईल. तिथे टिकल्या लावा, थेट लादीवर, प्रत्येकीवर वेगळा नंबर लिहून.

प्रश्न: आणि तो जुना नकाशा?

उत्तर: आहे तिथेच, भिंतीवर. काच अजून काढलेली नाही. उजव्या कोपऱ्यात एक चंद्रकोर राहिली आहे, ती काढायला मला कुणी देत नाही.